अक्कलदाढेचा मृत्यू आणि मिठाची पुडी

१

सोमवारी सकाळी दवाखाना उघडला आणि पाहते तो काय, अक्कलदाढ पोट वर करून पाण्यावर तरंगत होती.

घाबरू नका. आमचा दवाखाना दातांचा असला तरी ही अक्कलदाढ म्हणजे मासा. पेशंट बसतात त्या बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीत डॉक्टरांनी काळे मोली मासे पाळले आहेत, आणि डोक्यात दातांशिवाय दुसरं काही नसल्यामुळे नावंही त्यावरूनच ठेवली आहेत. सुळा, पटाशी, दुधाचा दात वगैरे. अक्कलदाढ सगळ्यांत थोरली, तीन वर्षांची. महिन्याभरात गेलेली ही चौथी. अकराचे सात उरले होते, आणि तेही पर अंगाशी मिटून जागच्या जागी थरथरत होते. आमचे पेशंट नंबर लागायच्या आधी थरथरतात, अगदी तसे.

मी इथली कौंटरवाली. फोन घेणं, नंबर लावणं आणि 'काही दुखणार नाही हं' असं दिवसातून वीस वेळा खोटं बोलणं, हे माझं काम. नोकरीला सहा महिने झाले. त्यातले शेवटचे दोन महिने टाकीची देखभालही मीच करते, कारण आधी ते काम झाडलोट करणाऱ्या मावशींकडे होतं आणि त्यांच्या कारभारात काचेवर पाण्याच्या कडेनं कायम एक पांढरी रेघ असायची. ब्लेडनं खरवडली तरी आठ दिवसांत हजर. माझ्या हातात टाकी आल्यापासून ती रेघ नाही. काच इतकी लखलखीत झाली, की परवा एक पेशंट मासा नीट बघायला वाकला आणि कपाळ आपटून घेऊन गेला.

तर एवढं निगुतीनं करूनही मासे मरत होते, म्हणजे कोणीतरी मुद्दाम मारत होतं. मी टाकीभोवती नजर फिरवली. झाकणाशेजारी, स्टँडच्या कोपऱ्यात, चार-पाच पांढरे खडे पडले होते. एक उचलून जिभेवर ठेवला. पुरावा खाऊ नये हे मला नंतर कळलं. खारट होता.

दवाखान्यात मिठाचं काय काम? मी झाडूचं कपाट उघडलं. फिनेलच्या बाटलीमागे, जुन्या फडक्यात गुंडाळलेली जाड्या मिठाची पुडी सापडली. ते कपाट मावशींशिवाय कोणी उघडत नाही.

पुडी मी थेट डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे आत्ताच सांगून टाकते.

२

डॉक्टर तसे गरीब स्वभावाचे. दात उपटतानाही 'माफ करा' म्हणतात. पण माशांच्या बाबतीत त्यांना कोणी काही बोललेलं चालत नाही. आतल्या खोलीत एका काकांची दाढ नुकतीच काढून झाली होती. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला, "घट्ट चावून धरा, मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही" असं बजावलं, हातमोजे काढले आणि बाहेर येऊन मावशींना हाक मारली.

मावशी ओल्या हातांनीच आल्या.

"ही पुडी तुमची?"

"माझी."

"टाकीत मीठ तुम्ही टाकलंत?"

"टाकलं. चमचाभर. पाण्यात विरघळवून टाकते, एकदम नाही."

"का?"

"मासे थरथरत होते. मासेवाल्याला विचारलं, तो म्हणाला मीठ घाल."

"थरथरतात ते मिठानंच," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "अकरा वर्षं इथलं मीठ खाल्लंत आणि तेच माझ्या माशांवर उलटवलंत? दुपारी एकला किल्ली कौंटरवर ठेवून जा, मावशी. उद्यापासून येऊ नका."

मावशींच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नाही, शाळेत जाणारी एक नात आहे, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनाही होतं, म्हणून तर ते भिंतीकडे बघून बोलत होते. मला थोडं वाईट वाटलं. पण मी मनाशी म्हटलं, करावं तसं भरावं.

तेवढ्यात आतून ते दाढवाले काका बाहेर आले. एक गाल सुजलेला, ओठाच्या कोपऱ्यातून कापूस डोकावतोय, आणि हाताची बोटं पेन मागत असल्यासारखी हलताहेत. मी पेन दिलं. त्यांनी अपॉइंटमेंटचं एक कोरं कार्ड ओढलं, मागच्या बाजूला पाच शब्द लिहिले आणि डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं.

'बाई निर्दोष आहे. एकपर्यंत थांबा.'

३

मी त्यांचा फॉर्म काढून बघितला. 'व्यवसाय' या रकान्यात लिहिलं होतं: 'निवृत्त. चौतीस वर्षं शहराचं पाणी तपासलं.' त्याखाली, कोणी विचारलं नसताना: 'एकही दिवस चुकलो नाही.'

"काका, तुम्ही आराम करा," डॉक्टर म्हणाले. "हा आमचा घरचा मामला आहे."

तपासनीस काकांनी मान हलवली आणि टाकीसमोरच्या खुर्चीत बैठक मारली. न बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. शिवाय त्यांना गप्प बसायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. डॉक्टर हात झटकून पुढच्या पेशंटकडे गेले आणि काकांनी पहिलं कार्ड माझ्याकडे सरकवलं.

'पहिला मासा कधी गेला?'

ते माझ्या वहीत होतंच. मी सगळं लिहिते. तीन तारखेच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: 'दुधाचा दात गेला. डॉक्टर रडले. दोन पेशंट उद्यावर ढकलले.'

काकांनी मिठाची पुडी उलटी केली आणि छापलेल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. पुडी भरल्याची तारीख होती बारा. त्याच महिन्यातली.

'खून तीनला, हत्यार बाराला?' त्यांनी लिहिलं.

"त्याआधी दुसरी पुडी असेल," मी म्हटलं. माझा आरोपी असा हातून निसटू द्यायला मी तयार नव्हते. काकांनी पुडी उघडून मला आत बघायला लावलं. एक किलोतलं मूठभरही संपलं नव्हतं. इतक्या बेतानं टाकणाऱ्या बाईला महिन्याभरात दुसरी पुडी कशाला लागेल, असं त्यांनी नुसत्या भुवयांनी विचारलं.

पुढचं कार्ड सगळ्यांसाठी एकच होतं: 'दोन महिन्यांत इथं काय बदललं?'

पहिला नंबर असिस्टंटचा लागला. हा मुलगा सतत चिमटा हातात घेऊन फिरतो, म्हणून त्याला आम्ही चिमटेराव म्हणतो. आतल्या छोट्या खोलीत अवजारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र आहे, ते त्याच्या ताब्यात. प्रश्न वाचल्याबरोबर त्याचा बांध फुटला.

"बदललं म्हणजे काय, माझं नशीब बदललं. हे वाफेचं यंत्र पाणी प्यायला लागलंय, काका. त्याला साधं पाणी चालत नाही, डिस्टिल्ड लागतं, ते मी शेजारच्या मशीनवर थेंबथेंब गाळून कॅनमध्ये भरून ठेवतो. आधी एक कॅन आठवडाभर पुरायचा. आता तीन जातात. दोनदा मेकॅनिक बोलावला. तो म्हणतो गळती नाही. मी म्हणतो मग पाणी जातं कुठं? तो म्हणतो, 'साहेब, तुम्हीच पीत असाल.' मी काय वेडाय का?"

काकांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि कार्डावर 'तीन कॅन' असं लिहून खाली रेघ ओढली. यंत्राच्या गळतीचा माशांशी काय संबंध, ते मला कळेना. म्हातारा भरकटला असं वाटलं.

मग माझा नंबर. मी म्हटलं, "बदल एकच. स्वच्छता आली. दर शनिवारी मी चौथा हिस्सा पाणी काढते आणि नवं भरते. अख्ख्या इमारतीत यांच्याइतकं शुद्ध पाणी माणसांनाही मिळत नाही." काका माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. कौतुकानं बघताहेत असं समजून मी पदर सारखा केला.

शेवटी मावशी. त्यांनी कार्ड वाचलं, परत केलं आणि म्हणाल्या, "काही नाही बदललं."

काकांनी दुसरं कार्ड लिहिलं: 'टाकीपाशी काही वेगळं करताना कोणाला पाहिलंत?'

मावशींनी मान वर केली. त्या काकांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "कोणाला नाही पाहिलं."

त्या खोटं बोलत होत्या, हे बोळा चावत बसलेल्या काकांनासुद्धा कळलं.

४

बारा वाजून गेले. काका उठून हात धुवायच्या बेसिनपाशी गेले. नळाच्या तोटीवर पांढरा खरखरीत थर जमला होता. तो त्यांनी नखानं खरवडला. मग टाकीपाशी येऊन पाण्याच्या कडेवर तेच नख फिरवलं. नख गुळगुळीत सरकलं.

माझ्या कामाची पावती मिळाली म्हणून मी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी लिहिलं: 'साबण. दोन रिकाम्या बाटल्या.'

मी हात धुवायचं लिक्विड पुढे केलं. त्यांनी ते असं काही ढकललं, जणू त्यांची चौतीस वर्षांची नोकरी मी बाटलीत भरून देतेय. त्यांना जुन्या पद्धतीची साबणाची वडी हवी होती. ती मावशींच्या कपाटात निघाली. फडकी धुवायची पिवळी वडी.

काकांनी एका बाटलीत नळाचं पाणी घेतलं, दुसरीत टाकीचं. पाकीट उघडायच्या सुरीनं साबणाचे सारखे किस पाडले, दोन्हीत टाकले, एक बाटली माझ्या हातात दिली, दुसरी चिमटेरावाच्या, आणि हलवायची खूण केली. आम्ही दोघं कौंटरपाशी उभे राहून बाटल्या घुसळू लागलो. रांगेतल्या एका आजोबांनी आपला दुखरा दात विसरून टाळ्या वाजवल्या.

चिमटेरावाच्या बाटलीत नळाचं पाणी होतं. त्यात फेस होता होईना. दूध नासावं तसा वर पांढरा चोथा जमला. माझ्या बाटलीतल्या टाकीच्या पाण्यानं मात्र इतका फेस धरला, की तो तोंडातून बाहेर येऊन माझ्या मनगटावरून ओघळला.

काकांनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. एकला दहा कमी होते. आतून डॉक्टर आले. त्यांनी काकांना दिव्याखाली नेलं, बोळा काढला, आत डोकावलं आणि म्हणाले, "रक्त थांबलंय. बोलायला हरकत नाही, पण हळू."

"हळूच बोलतो," काका म्हणाले. अर्धा ओठ बधिर असल्यामुळे ते तिरकंच हसले. "डॉक्टर, या टाकीत तुमच्या नळाचं पाणी नाही."

५

"शाळेत शिकलो ना आपण? ज्यात साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन पाणी. जड पाणी म्हणतो आपण. त्यात चुन्यासारखे क्षार असतात. तुमच्या नळाला तेच येतं, तोटीवर थर बसलाय बघा. टाकीतलं पाणी नळाचं असतं, तर काचेवर पांढरी रेघ आली असती. ती नाही. आणि फेस बघा केवढा. लिक्विडला कुठल्याही पाण्यात फेस येतो, म्हणून वडी मागितली. म्हणजे टाकीतल्या पाण्यातले क्षार हळूहळू कमी झालेत."

"पण ते चांगलंच ना?" डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या यंत्राला चांगलं. मोलीला नाही. हा मासा जड पाण्यातला. खाडीच्या खाऱ्या पाण्यातसुद्धा सुखानं राहतो. त्याला मऊ पाण्यात ठेवलं, की आधी पर मिटतो, मग जागच्या जागी थरथरतो, मग अंगावर बुरशी धरते, मग जातो. मिठानं त्याला जरा आधार मिळतो. पण मीठ घालून पाणी खारट होतं, जड होत नाही. चुना तो चुना, मीठ ते मीठ. या बाईंच्या चमच्यानं हे सात एवढे दिवस तग धरून राहिले असावेत. तुम्ही मारेकरी म्हणून जिला काढताय, ती इथली नर्स आहे."

डॉक्टर खुर्चीवर बसले. पेशंटच्या खुर्चीवर.

"मग क्षार काढले कोणी?"

"काढले नाहीत. पाणी बदललं, आणि बदलताना बिनक्षाराचं भरलं. दर आठवड्याला. तसं पाणी या दवाखान्यात एकाच खोलीत तयार होतं, आणि तिथले दोन कॅन दर आठवड्याला नाहीसे होतात." काकांनी चिमटेरावाकडे बघितलं. "तुझं यंत्र पाणी पीत नाही रे. चांगलं यंत्र आहे ते."

चिमटेरावाचे डोळे भरून आले. टाकीचं पाणी कोण बदलतं, हे विचारायची गरज उरली नव्हती. पण काकांनी ते नाव घेतलं नाही. ते बसून बाटलीतला फेस बघत राहिले.

दोन कॅन मीच नेत होते. दर शनिवारी दुपारी, चिमटेराव जेवायला गेला की. लपूनछपून नाही, पण सांगूनही नाही. एकदा घाईत गाळलेलं पाणी टाकीत घातलं, रेघ उमटली नाही, मला युक्ती सापडली. सगळ्यांत शुद्ध पाणी ते सगळ्यांत चांगलं, यात मला शंकाच आली नव्हती. दुधाचा दात मी मारला. अक्कलदाढही मीच. आणि वर मिठाची पुडी घेऊन मीच धावले होते.

घड्याळात एक वाजला. मावशींनी पदराच्या गाठीतून किल्ली काढली आणि कौंटरवर माझ्यासमोर ठेवली.

"डॉक्टर," मी म्हटलं, "कॅन मी नेले. टाकीत मी ओतले. काच छान दिसावी म्हणून."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी मावशींकडे वळले. "तुम्ही मला नेताना पाहिलं होतं ना?"

"पाहिलं की. दोनदा."

"मग सांगितलं का नाही? काकांनी सरळ विचारलं होतं."

"मला काय माहीत ते पाणी वाईट असतं. मला वाटलं, पोरगी डॉक्टरांचं औषधाचं पाणी गुपचूप माशांना घालतेय. हे कळलं तर तुला काढतील." मावशींनी ओले हात पदराला पुसले. "मला अकरा वर्षं झाली इथं. मला आता काढलं तरी परत बोलावतील कधीतरी, असं वाटलं. तुला कोण बोलावणार?"

मला रडू आलं. कौंटरवर बसून मी कधी रडले नव्हते, ते काम पेशंटचं.

डॉक्टर उठले आणि मावशींसमोर जाऊन उभे राहिले. तीनदा 'माफ करा' म्हणाले. तोच स्वर, दात उपटतानाचा. मग त्यांनी किल्ली उचलून मावशींच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळले. आता माझी गच्छंती होणार, हे मी धरूनच चालले होते.

"आधी मासे," तपासनीस काका मध्येच म्हणाले. "आज सगळं पाणी बदलायला जाल तर उरलेले सातही जातील. जे बिघडायला दोन महिने लागले, ते एका दिवसात सुधारायला जाऊ नका. नळाचं पाणी बादलीत भरून एक दिवस उघडं ठेवा, त्यातला क्लोरीन उडू दे. मग एक दिवसाआड एकच तांब्या. शिंपल्यांचा चुरा पुरचुंडीत बांधून फिल्टरमध्ये सोडा, त्यानं पाणी हळूहळू जड होईल. मीठ बाई सांगतील तेवढंच. आणि हे सगळं एका माणसानं करायचं, वहीत लिहून."

"वही हिची चांगली असते," मावशी म्हणाल्या. "हिलाच करू द्या. मी सांगेन तसं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, आणि मान हलवली. एवढ्यावर निभावलं.

मग मावशींनी चपला पायात सरकवल्या.

"आता कुठं निघालात?" डॉक्टर घाबरून म्हणाले. "मी सांगितलं ना, तुम्ही आहात."

"आहे हो. उद्या येते. पण एकला जा म्हणालात म्हणून मघाशीच शाळेत फोन केला, नातीला सांगा आज आजी न्यायला येतेय. अकरा वर्षांत कधी गेले नाही मी. ती दारात उभी असेल."

डॉक्टरांनी स्वतः जाऊन दार उघडून धरलं.

दारातून मावशी परत एकदा माझ्याकडे वळल्या. "पुडी सापडली तेव्हा मी तिथंच फरशी पुसत होते गं," त्या म्हणाल्या. "दोन पावलांवर. एकदा विचारायचंस मला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या गेल्या. अर्धवट पुसलेली फरशी होती, ती मी बादली आणून पुसायला घेतली.